हिरवं, लाल, गाला की फुजी: नेमकं कोणतं सफरचंद आणायचं?

प्रश्न असा आला आहे: "आमच्याकडे वर्षानुवर्षं लाल काश्मिरी सफरचंदच येतं. आता फळवाल्याकडे हिरवं, फुजी, गाला, पिंक लेडी असं काय काय दिसतं. सासऱ्यांना मधुमेह आहे आणि खालची कवळी आहे. त्यांना कुणीतरी फक्त हिरवंच खायला सांगितलंय. आठ वर्षांचा मुलगा सफरचंदाला हात लावत नाही, पण पॅकमधला ज्यूस मागून मागून पितो. माझं हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून आई रोज एक सफरचंद खा म्हणून मागे लागलीय. कोणती जात चांगली? आणि मेण असतं म्हणून साल काढायची का?"

जात जिभेसाठी निवडा, हे माझं मुख्य सांगणं. एका जातीऐवजी दुसरी खाल्ली म्हणून शरीराला पडणारा फरक किरकोळ असतो. साल ठेवली की काढली, चावून खाल्लं की पेल्यातून प्यायलं, आणि रोजच्या सफरचंदापायी घरात पेरू-संत्र्याला जागा उरली की नाही, यांनी पडणारा फरक मात्र चांगलाच मोठा असतो. तुमच्या प्रश्नात तीन माणसं आहेत आणि तिघांची उत्तरं वेगळी आहेत.

आधी सासऱ्यांचं बघू. आपल्याकडे "हिरवं सफरचंद" म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा ग्रॅनी स्मिथ. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ मारिया ॲन स्मिथ नावाच्या बाईंच्या मळ्यात १८६८च्या सुमारास आपसूक उगवलेल्या रोपापासून ही जात आली. तिच्यात मॅलिक आम्ल जास्त असतं म्हणून ती आंबट लागते. आंबट म्हणजे साखर कमी, असं आपण धरून चालतो, आणि इथेच गफलत होते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात सालीसकट १०० ग्रॅम सफरचंदातली साखर अशी दिली आहे: ग्रॅनी स्मिथ सुमारे ९.६ ग्रॅम, गोल्डन डेलिशियस १०, गाला १०.४, रेड डेलिशियस १०.५ आणि फुजी ११.७. म्हणजे सर्वांत आंबट आणि सर्वांत गोड यांत दोन ग्रॅमचा फरक. दीडशे ग्रॅमचं लहानसं फळ धरलं तर तीन ग्रॅम, एक चमचासुद्धा नाही. संध्याकाळच्या चहाबरोबरच्या दोन बिस्किटांतही साधारण तेवढी साखर असते आणि तिच्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नाही.

तेव्हा त्यांना हिरवं आवडत असेल तर खुशाल खावं. आवडत नसेल तर तोंड वाकडं करून खायचं काही कारण नाही. सफरचंदाचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगानं चढते याचं माप) चाळिशीच्या आतबाहेर, म्हणजे कमी गटातच येतो. त्यांनी जात बघण्यापेक्षा आकार आणि वेळ बघावी. एका वेळी एक लहान फळ, नाहीतर मोठ्यातलं अर्धं. तीन पोळ्या, भात, वरण असं जेवण झाल्यावर "वरून फळ" नको, कारण तेव्हा ते आधीच्या पिठूळ पदार्थांवर आणखी वीसेक ग्रॅम कर्बोदकं चढवतं. त्यापेक्षा चार-साडेचारला, मूठभर फुटाणे किंवा शेंगदाण्यांबरोबर, बिस्किटांच्या जागी खावं. "बिस्किटांच्या जागी" हे महत्त्वाचं आहे, "बिस्किटांबरोबर" नव्हे. घरात ग्लुकोमीटर असेल तर एक दिवस फुजी, दुसऱ्या दिवशी तेवढंच हिरवं असं खाऊन दोन तासांनी साखर बघा. बाकीचं खाणंपिणं आणि चालणं दोन्ही दिवशी सारखं ठेवा. आपल्या रक्तातला आकडा माणसाला पटकन पटतो. इन्शुलिन घेत असतील तर वेळापत्रकात बदल करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता मुलगा. त्याच्या ज्यूसबद्दल मला जास्त काळजी आहे. दोनशे मिलीलीटर सफरचंदाच्या रसात वीसेक ग्रॅम साखर असते, म्हणजे चार-पाच चमचे, आणि तंतू (फायबर) जवळपास शून्य. वरून साखर घातली नसली तरी हा हिशेब बदलत नाही. १९७७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधला एक छोटा पण नेटका प्रयोग छापून आला होता. दहा माणसांना सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, गर करून आणि रस काढून. रस अख्ख्या सफरचंदापेक्षा अकरा पट वेगानं संपला. पोट भरल्यासारखं सर्वांत जास्त वाटलं ते अख्ख्यानं, सर्वांत कमी रसानं. इन्शुलिन मात्र गर आणि रसानंतर जास्त वर गेलं. फळ तेच, फक्त चावायचं काम आणि तंतूंची जाळी काढून घेतली. पुढे २०१३मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या १ लाख ८७ हजारांहून जास्त आरोग्य कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. सफरचंद, द्राक्षं, ब्लूबेरी अशी अख्खी फळं खाणाऱ्यांत टाइप-२ मधुमेह कमी आढळला, फळांचे रस पिणाऱ्यांत जास्त. असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. तरी प्रयोगाचं आणि या नोंदींचं बोट एकाच दिशेला आहे.

जाता जाता, रसाबद्दल आणखी एक. ॲलर्जीसाठी फेक्सोफेनाडिन ही गोळी घरात कुणी घेत असेल तर ती सफरचंदाच्या किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेऊ नये, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. रसामुळे ती नीट शोषली जात नाही.

मुलगा सफरचंदाला हात लावत नाही म्हणता. पण त्यानं आजवर कोणतं सफरचंद खाल्लंय? तुमच्या घरी येतं ते बहुधा रेड डेलिशियस, बाजाराच्या भाषेत नुसतं "डेलिशियस". त्याची कुळकथा मजेशीर आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, पेरू नावाच्या गावी (हो, खरंच पेरू), जेसी हायट यांच्या बागेत १८७०च्या दशकात ते उगवलं. सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी १९१६च्या सुमारास शिमल्याजवळच्या कोटगढ-थानेधार भागात त्याची रोपं आणून लावली. हे गृहस्थ इथलेच झाले, सत्यानंद स्टोक्स म्हणून ओळखले गेले, आणि हिमाचलच्या डोंगराळ भागाची शेती त्यांच्या त्या रोपांनी पालटून टाकली. पुढे मात्र जगभर या जातीचं एक झालं: रोपवाटिकांनी जास्तीत जास्त लालभडक फांद्या निवडून कलमं वाढवली. रंग गडद होत गेला, साल जाड होत गेली, चव मागे पडली. अमेरिकेत २०१८ साली गालानं उत्पादनात त्याला पहिल्या जागेवरून हटवलं. आपल्याकडे अजून त्याचंच राज्य आहे.

ताजं असेल तर डेलिशियस वाईट नाही, हेही सांगते. सप्टेंबर-ऑक्टोबरात हिमाचलातल्या किन्नौरचा किंवा काश्मीरमधल्या शोपियाँचा नवा माल येतो तेव्हा ते करकरीत, रसदार आणि सुगंधी असतं. तेच फळ मार्च-एप्रिलपर्यंत शीतगृहात राहून, मग आठवडाभर उन्हात हातगाडीवर बसलं की पिठूळ होतं. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन सैल पडतं. मग दाताखाली पेशी फुटून रस येत नाही, त्या नुसत्या सुट्या होतात आणि तोंडात ओला भुसा आल्यासारखं वाटतं. मूल ते थुंकतं. त्याच्या जागी मीही थुंकीन.

म्हणून त्याला दुसऱ्या जाती दाखवा. गाला ही न्यूझीलंडच्या जे. एच. किड यांनी १९३०च्या दशकात तयार केलेली जात. फळ लहान, साल पातळ, गोडी सौम्य आणि आठ वर्षांच्या मुलाच्या मुठीत मावणारं. मुलांची सुरुवात मी नेहमी गालानंच करायला सांगते. फुजी जपानची. रेड डेलिशियस आणि रॉल्स जेनेट यांच्या संकरातून फुजिसाकी इथे तयार झाली, १९६२ साली बाजारात आली. घट्ट, जड, भरपूर गोड आणि टिकाऊ. फुजी कापल्यावर मध्ये काचेसारखे पारदर्शक डाग दिसले तर फेकू नका, तिथे सॉर्बिटॉल (फळातलंच साखरेसारखं एक द्रव्य) साचलेलं असतं आणि तो भाग सडलेला नसतो. पिंक लेडी म्हणून विकतात ती क्रिप्स पिंक, पश्चिम ऑस्ट्रेलियात जॉन क्रिप्स यांनी १९७३मध्ये केलेल्या संकरातली. आंबट आणि गोड दोन्ही ठसठशीत. माझी स्वतःची आवडती हीच, फक्त किंमत बघून वरचेवर हात आखडतो. गोल्डन डेलिशियस पिवळसर हिरवी असते आणि बरेचदा "हिरवं" म्हणूनच विकली जाते, पण ती आंबट नाही. काश्मीरला कधी गेलात तर अंबरी शोधा. ती तिथली स्वतःची जुनी जात आहे, उशिरा पिकते, वास अप्रतिम असतो. आपल्या बाजारात सहसा येत नाही.

अलीकडे सोलापूर-नाशिककडचंही सफरचंद बघायला मिळतं. हिमाचलमधल्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी सखल, उष्ण भागात येणारी एचआरएमएन-९९ ही जात शोधली, त्यासाठी त्यांना २०२५मध्ये पद्मश्री मिळाली. नेहमीच्या जातींना हिवाळ्यात हजारेक तास सात अंशांखालची थंडी लागते, हिला तितकी लागत नाही. महाराष्ट्रातल्या काही शेतकऱ्यांनी ती लावली आहे. हिचं फळ उन्हाळ्यात येतं, जेव्हा डोंगराळ भागातलं ताजं सफरचंद नसतंच. मिळालं तर कुतूहल म्हणून जरूर चाखा.

घरी चाखायचं कसं? एका रविवारी तीन-चार जातींचं एकेकच फळ आणा. सगळी तासभर फ्रीजबाहेर ठेवा, कारण गारठलेल्या फळाला वास येत नाही. सालीसकट फोडी करा, कुठली कोणती हे मुलाला सांगू नका, आणि करकरीत, गोड, आंबट, रसाळ असे गुण त्यालाच द्यायला लावा. आंबटापासून गोडाकडे जा. फुजी आधी खाल्ली की गाला फिकी लागते. काही मुलांना ग्रॅनी स्मिथच सर्वांत आवडते, तिखटमीठ लावून, कैरीसारखी. आपली जीभ तशी घडलेली आहे, त्यात नवल नाही. हीच ग्रॅनी स्मिथ किसून दही, दाण्याचं कूट, हिरवी मिरची आणि जिऱ्याची फोडणी घालून केलेली कोशिंबीर एकदा करून बघा, भेळेतही कैरीच्या जागी छान जाते. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना कच्च्या सफरचंदाचे टणक तुकडे देऊ नयेत, घशात अडकतात. त्यांना किसून किंवा वाफवून द्यावं.

आता तुमचं हिमोग्लोबिन. इथे आईंचं मन दुखवावं लागेल. सफरचंद कापून ठेवलं की तपकिरी पडतं म्हणजे त्यात लोह आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि आजही सुशिक्षित घरांतून ऐकते. तो रंग लोहाचा नाही. कापल्यावर फळातल्या पॉलिफेनॉलचा हवेतल्या ऑक्सिजनशी आणि एका विकराशी (एन्झाइमशी) संबंध येतो, त्यातून तो तयार होतो. लिंबू चोळलं की थांबतो तो आम्लामुळे. सफरचंदात १०० ग्रॅममागे ०.१२ मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे धरलं काय, न धरलं काय. क जीवनसत्त्वही साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास. तेवढ्याच पेरूत ते दोनशेच्या वर असतं. क जीवनसत्त्व जेवणातलं लोह शोषायला मदत करतं, म्हणून तुमच्यासाठी जेवणाबरोबर पेरूची फोड किंवा भाजीवर पिळलेलं लिंबू सफरचंदापेक्षा उपयोगाचं. त्याच्या जोडीला अळीव, हिरव्या पालेभाज्या, मटकी-हुलगे आणि मांसाहार करत असाल तर मासे-मटण. जेवणाला लागून चहा नको. आणि हिमोग्लोबिन का कमी आहे याची तपासणी झाली नसेल तर ती आधी. पाळीत जास्त रक्त जात असेल किंवा बी-१२ कमी असेल तर कोणतंही फळ पुरणार नाही.

मग सफरचंद खायचंच कशाला? कारण ते उत्तम, साधं फळ आहे. १०० ग्रॅममध्ये ५२ कॅलरी, सालीसकट अडीच ग्रॅमच्या जवळपास तंतू, त्यातलं पेक्टिन पोटासाठी चांगलं, सालीत क्वेर्सेटिनसारखी द्रव्यं. डब्यात चेंगरत नाही, हात चिकट होत नाहीत. पेन्सिल्वेनियातल्या एका प्रयोगात (२००९) जेवणाआधी अख्खं सफरचंद खाणारी माणसं त्या जेवणात एकूण १५ टक्के कमी कॅलरी खाऊन उठली. वजन उतरवायचं असेल तर ही युक्ती कामाची आहे. "रोज एक सफरचंद, डॉक्टर दूर" या म्हणीचीही २०१५मध्ये अमेरिकेत तपासणी झाली: सफरचंद खाणाऱ्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या काही लक्षणीय कमी निघाल्या नाहीत, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं मात्र किंचित कमी लागत होती.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनात दोन हजार कॅलरींच्या ताटात दिवसाला १०० ग्रॅम फळ आणि ४०० ग्रॅम भाज्या धरल्या आहेत. म्हणजे एका लहान सफरचंदात फळाची जागा भरूनही जाते. म्हणूनच मला "रोज सफरचंद" पटत नाही. आठवड्यात दोन-तीन दिवस ते असावं, बाकीचे दिवस हंगामाप्रमाणे पेरू, संत्रं, पपई, जांभूळ, डाळिंब, सीताफळ. न्यूझीलंडहून आलेली पिंक लेडी खाल्ली म्हणून कोपऱ्यावरच्या पेरूची उणीव भरून निघत नाही, आणि पैशाचा हिशेब तर तुम्हीच करा.

एका घरात मात्र सफरचंद खरोखर पहिलं येतं: जिथे मूत्रपिंडाचा आजार आहे आणि डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलंय. सफरचंदात १०० ग्रॅमला १०७ मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, केळ्यात साडेतीनशेच्या वर, पेरूत चारशेच्या वर. दवाखान्यात भेटायला जाताना आपण सफरचंदं आणि शहाळं एकाच पिशवीत नेतो. अशा पेशंटच्या बाबतीत शहाळं खालीच ठेवून जा. उलट ज्यांना आयबीएसचा (आतडी हळवी असण्याचा) त्रास आहे, सफरचंदानं पोट फुगतं, त्यांना फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल सोसत नसतं. त्यांनी जात बदलून फार फरक पडणार नाही, प्रमाण कमी करावं किंवा दुसरं फळ घ्यावं.

मेणाचं काय? सफरचंदाला स्वतःचं नैसर्गिक मेण असतं. पॅकिंगच्या वेळी धुताना ते निघतं, मग खाण्यायोग्य मेणाचा पातळ थर देतात, बहुधा कार्नोबा (ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं) किंवा लाखेचं शेलॅक. सुरीनं खरवडून पांढरा भुगा दाखवणारे व्हिडिओ बघून घाबरू नका, ते मेण न पचता बाहेर पडतं. कीटकनाशकांची काळजी जास्त खरी आहे, कारण सफरचंदाच्या बागेत फवारण्या पुष्कळ होतात. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७मध्ये गाला सफरचंदांवर तपासलं तेव्हा एक टक्का खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सालीवरची दोन कीटकनाशकं साध्या पाण्यापेक्षा बरीच चांगली निघाली. एक लिटर पाण्याला दोन सपाट चमचे सोडा, नंतर वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. सालीत मुरलेलं काही प्रमाणात राहतं. तरीही साल खावी असंच मी सांगते, कारण साल काढली की जवळपास निम्मे तंतू गेले.

घेताना रंगाला भुलू नका. हातात जड लागेल ते घ्या, देठाजवळ अंगठ्यानं हलकेच दाबून बघा, दबलं तर आत पीठ झालंय. आयात फळावरच्या चिकटपट्टीवर क्रमांक असतो, ४१३१ म्हणजे फुजी, ४०१७ म्हणजे ग्रॅनी स्मिथ. तो जात ओळखायला उपयोगी, गुणवत्तेची खूण नव्हे. घरी आणल्यावर टेबलावरच्या टोपलीत शोभेला ठेवू नका. फ्रीजमध्ये, पिशवीत, भाज्यांपासून वेगळी ठेवा, कारण सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि त्यानं कोथिंबीर, काकडी लवकर पिवळ्या पडतात.

सासऱ्यांची कवळी राहिली. घट्ट फुजी त्यांना चावणार नाही म्हणून कुणीतरी रस काढून देईल, तो देऊ नका. सालीसकट अगदी पातळ काप करून द्या, किंवा सालीसकट फोडी पाच-सात मिनिटं वाफवून दालचिनीची चिमूट टाका. वाफवायला गोल्डन डेलिशियस चांगली, लवकर मऊ होते आणि अंगची गोडी पुरते, वरून साखर लागत नाही.